कवितेचीं दोन भाषांतरें

भाषांतर हा शब्द उच्चारला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें एक शांत चित्र उभें राहतें. मेजावर कोश पसरलेले आहेत, एक विद्वान गृहस्थ चष्मा पुसून एकेका शब्दाला प्रतिशब्द शोधीत आहेत, आणि बाहेरच्या जगाशीं त्या खटपटीचा कांहीं संबंध नाहीं. परंतु गेल्या सव्वाशें वर्षांचा इतिहास पाहतां असें दिसून येतें कीं, कवितेचें भाषांतर हें पुष्कळदां मोठ्या जोखमीचें काम ठरलें आहे. एका भाषांतराच्या आधारानें माणसें तुरुंगांत गेलीं आहेत. दुसऱ्या प्रकारच्या भाषांतरानें तुरुंगांतल्या माणसांचा आवाज जगाला ऐकूं गेला आहे. आणि देशाला मुकलेल्या कवीला तर भाषांतर हेंच कित्येक वर्षें राहतें घर झालें आहे. या दोन प्रकारांत भेद कोणता, आणि परक्या भाषेंतील बंदिवान कवीचें पुस्तक हातीं घेतांना आपण कोणत्या प्रकारें तें वाचतों, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. आरंभ आपल्याच विदर्भांतील चिमूरपासून करणें सोयीचें होईल.

चिमूर हें पूर्वीच्या चांदा, म्हणजे आतांच्या चंद्रपूर जिल्ह्यांतील गांव. श्रीहरी बालाजीचें मंदिर व तेथील घोडायात्रा यांसाठीं तें भाविकांस परिचित आहे. भोंवतालीं ताडोब्याचें अरण्य. याच मुलखांतील रामदिघी व गोंदोडा येथील रानांत तुकडोजी महाराजांनीं तरुणपणींचा कांहीं काळ एकांतांत घालविला. त्यांचा जन्म १९०९ सालीं अमरावती जिल्ह्यांतील यावली येथें झाला. १९३५ सालीं त्यांनीं मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापिला. आणि हातीं खंजिरी घेऊन ते गांवोगांव हिंडले. त्यांच्या रचनेचा एक विशेष असा कीं, ती मराठींतहि आहे आणि हिंदींतहि. त्या वेळच्या मध्यप्रांत-वऱ्हाडांत दोन्ही भाषा शेजारीं शेजारीं नांदत होत्या. बाजारहाटीं जी हिंदी कानांवर पडे, तीच त्यांच्या भजनांत उतरली. त्यामुळें चिमूरच्या कुणब्याला किंवा कोष्ट्याला तें भजन समजून घेण्यास दुभाष्या लागला नाहीं. कवीनें आपलें भाषांतर आपणच केलें होतें असें म्हटल्यास चालेल.

१९४२ च्या ऑगस्टमध्यें ‘चले जाव’चा ठराव होऊन पुढारी पकडले गेले. त्याच सुमारास चिमुरांत महाराजांचीं भजनें रंगलीं होतीं. निःशस्त्र माणसाला भोंवतालची सृष्टीच हत्यारें पुरवील, अशा आशयाचें त्यांचें पद लोकांच्या तोंडीं होतें. ता. १६ ऑगस्ट, नागपंचमीचा दिवस. मिरवणूक निघाली, गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर नांवाचा कोंवळ्या वयाचा मुलगा त्यांत बळी पडला; आणि खवळलेल्या जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले. त्यानंतर लष्कर आलें, आणि गांवावर, विशेषतः स्त्रियांवर, जे अत्याचार झाले त्यांच्या चौकशीसाठीं प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनीं त्रेसष्ट दिवसांचें उपोषण केलें. अनेक चिमूरकरांना फांशीच्या शिक्षा झाल्या. चिमूर व आष्टी या दोन्ही प्रकरणांतील ज्यांची फांशी अखेरपर्यंत कायम राहिली होती, त्यांची ती शिक्षा मोठ्या खटपटीनंतर १९४५ सालीं जन्मठेपेवर आली.

तुकडोजी महाराजांना ता. २८ ऑगस्ट १९४२ रोजीं चांदा येथें अटक झाली. नागपूर व मग रायपूर येथील तुरुंगांत त्यांना ठेवण्यांत आलें, आणि डिसेंबरांत त्यांची सुटका झाली. ज्या माणसाच्या हातीं खंजिरीवांचून दुसरें कांहीं नव्हतें, त्याला पकडण्याचें कारण उघड होतें: सरकारला त्याच्या गाण्याची भीति वाटली. तेवढ्यावर भागलें नाहीं. चिमूरसंबंधीं व भन्साळींच्या उपोषणासंबंधीं वृत्तपत्रांनीं कांहीं छापूं नये अशी बंदी प्रांतिक सरकारनें घातली, आणि तिच्या निषेधार्थ जानेवारी १९४३ मध्यें देशांतील अनेक पत्रांनीं एक दिवस प्रकाशन बंद ठेवलें. कवि तुरुंगांत, आणि गांवाची हकीकत कागदावर येण्यास मनाई! असें झालें म्हणजे त्या शब्दांना दोनच वाटा उरतात. एक लोकांच्या स्मरणाची. दुसरी दुसऱ्या भाषेची, म्हणजे भाषांतराची.

परंतु या दुसऱ्या वाटेवर प्रथम जो भाषांतरकार भेटतो, तो बहुधा सरकारी असतो. मुंबई सरकारच्या पदरीं ‘ओरिएंटल ट्रान्स्लेटर’ या नांवाचें एक खातेंच होतें. देशी भाषांतील पत्रांतून व पुस्तकांतून काय लिहिलें जातें हें सरकारास इंग्रजींत सांगणें, हें त्याचें काम. महाराष्ट्राच्या इतिहासांत या खात्यानें केलेलें काव्याचें एक भाषांतर फार महत्त्वाचें ठरलें. ता. १५ जून १८९७ च्या ‘केसरी’त ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता प्रसिद्ध झाली. महाराज जागे होतात आणि आपल्या राज्याची झालेली दशा पाहून कळवळतात, अशी तिची कल्पना. आठवडा लोटतो न लोटतो तोंच ता. २२ रोजीं पुण्यांत रँडवर गोळी झाडली गेली. लो. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, आणि त्यांत ही कविता व शिवाजी-उत्सवांतील भाषणांचा वृत्तांत हाच मुख्य पुरावा होता. ज्युरींत सहा युरोपियन व तीन हिंदी. त्या सहांनीं दोषी म्हटलें, तिघांनीं निर्दोषी. आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्या सहांच्या दृष्टीनें मराठी कविता अस्तित्वांतच नव्हती. तिचें इंग्रजी रूप तेवढें होतें. मराठी वाचकाला जो विलाप ऐकूं आला, तो इंग्रजी वाचणाऱ्याला चिथावणी म्हणून ऐकूं आला.

१९०९ सालीं याहूनहि कठोर प्रसंग आला. नाशिकच्या बाबाराव सावरकरांनीं कवितांची एक लहानशी पुस्तिका प्रसिद्ध केली, एवढ्यावरून त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. हायकोर्टांत अपील चाललें, तेव्हां न्यायासनावर सर नारायण चंदावरकर होते. ते मराठी जाणणारे. देवादिकांचीं व शिवाजीसारख्या वीरांचीं नांवें हें केवळ आवरण असून आंतील उपदेश युद्धाचा आहे, असा निष्कर्ष त्यांनीं काढला व शिक्षा कायम केली. हें उदाहरण मुद्दाम दिलें आहे. सरकारी भाषांतरकार अज्ञानी होता, म्हणून अनर्थ झाला, असें म्हणून आपली सुटका होत नाहीं. कित्येकदां त्याचा शब्दन्‌शब्द बरोबर असे. १९०८ च्या खटल्यांत टिळकांनीं ‘केसरी’च्या लेखांतील अनेक शब्दांच्या इंग्रजी प्रतिशब्दांवर हरकत घेतली, आणि ती योग्यच होती, पण मूळ दोष शब्दांच्या निवडीपेक्षां खोल होता. कचेरीला कवितेपासून एकाच प्रश्नाचें उत्तर पाहिजे असतें: ही कविता काय करावयास सांगते? कोण बोलत आहे, कोणाशीं बोलत आहे, कोणत्या दुःखानें त्याचा कंठ दाटला आहे, कोणत्या चालीवर तो गात आहे, हे प्रश्न तिच्या दप्तरीं नसतात. म्हणून तिचें भाषांतर अचूक असूनहि अपुरें राहतें.

आतां दुसरें भाषांतर पाहूं. त्यासाठीं तुर्कस्थानांत जावें लागेल, कारण या विषयाचें सर्वांत ठळक उदाहरण तेथील नाझिम हिकमत या कवीचें आहे. १९३८ सालीं त्याच्यावर खटले भरण्यांत आले. लष्करी विद्यालयांतील विद्यार्थी त्याच्या कविता वाचतात असें आढळलें होतें, आणि एवढ्यावरून सैन्यांत बंड चेतविल्याचा आरोप ठेवून त्याला अठ्ठावीस वर्षांहून अधिक मुदतीची शिक्षा झाली. नाशिकच्या पुस्तिकेची येथें आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. बुर्सा येथील तुरुंगांत त्यानें कित्येक वर्षें काढलीं. तेथें त्यानें आपल्या देशांतील साध्यासुध्या माणसांचें एक प्रचंड काव्य रचावयास घेतलें. पत्नी पिराये हिला पत्रें व कविता लिहिल्या. स्वदेशांत त्याचीं पुस्तकें छापतां येत नव्हतीं. त्यामुळें असा विलक्षण प्रकार घडला कीं, जी भाषा त्याची मातृभाषा होती तींत त्याची कविता मुकी, आणि ज्या भाषा त्याच्या नव्हत्या त्यांत ती बोलूं लागलेली!

या परक्या भाषांतील वाचकांनींच पुढें त्याची बाजू घेतली. १९४९-५० सालीं पॅरिसमध्यें त्याच्या मुक्ततेसाठीं समिति स्थापन झाली. पिकासो, सार्त्र, पॉल रॉब्सन यांच्यासारखीं नांवें तिच्या पाठीशीं उभीं राहिलीं. खुद्द कवीनेंहि तुरुंगांत उपोषण आरंभिलें. १९५० च्या उन्हाळ्यांत, सरकार बदलल्यावर, सर्वसाधारण माफीखालीं तो सुटला. पुढल्याच वर्षीं, जिवाला धोका आहे असें पाहून, तो लहानशा मोटारबोटींतून काळ्या समुद्रांत शिरला आणि एका रुमानियन जहाजावर चढून निसटला. तुर्कस्थाननें त्याचें नागरिकत्व काढून घेतलें. त्यानंतरची बारा वर्षें त्यानें परदेशांत, मुख्यतः मॉस्कोंत, काढलीं व ता. ३ जून १९६३ रोजीं तेथेंच त्याचा अंत झाला. अनातोलियांतील एखाद्या खेड्याच्या स्मशानांत, जमल्यास चिनाराखालीं, आपणांस मूठमाती मिळावी अशी इच्छा त्यानें एका कवितेंत बोलून दाखविली आहे. ती पुरी झाली नाहीं. स्वदेशांत त्याचीं पुस्तकें निघूं लागलीं तीं १९६५ पासून, आणि नागरिकत्व परत मिळालें तें २००९ सालीं, म्हणजे मृत्यूनंतर शेंचाळीस वर्षांनीं. या मधल्या काळांत तो जिवंत राहिला तो भाषांतरांत.

आपल्या बाजूला तो उर्दूंत व हिंदींत आला. उर्दूंत आणणारांपैकीं एक स्वतः फैज अहमद फैज. ते १९५१ ते १९५५ पर्यंत पाकिस्तानच्या तुरुंगांत होते आणि उतारवयांत बैरूत येथें कांहीं वर्षें देशाबाहेर राहिले. हिंदींत वीरेन डंगवाल यांनीं केलेलीं हिकमतचीं भाषांतरें आदरानें वाचलीं जातात. एका बंदिवानाची कविता दुसऱ्या बंदिवानानें आपल्या भाषेंत आणावी, यांत केवळ साहित्यप्रेम नसतें. कोठडीचा अनुभव दोघांत समान असल्यामुळें कोशांत न सांपडणारे अर्थहि हातीं लागतात. हिकमतच्याच आणखी एका कवितेचें उदाहरण द्यावेंसें वाटतें. हिरोशिमांत होरपळून गेलेल्या सात वर्षांच्या मुलीच्या तोंडीं ती घातलेली आहे. तिचें इंग्रजी रूप पीट सीगर या गायकानें गाइलें व तें देशोदेशीं गेलें. तुर्की कवि, जपानी मुलगी, इंग्रजी शब्द, अमेरिकन गळा! भाषांतराचें सामर्थ्य याहून अधिक तें काय दाखवावयाचें?

येथें १८९७ च्या खटल्याचा उत्तरार्ध सांगितला पाहिजे. टिळकांच्या मुदतपूर्व सुटकेसाठीं इंग्लंडांतून जो अर्ज गेला, त्यावर सही करणारांत प्रा. मॅक्समुल्लर प्रमुख होते. ऋग्वेद संपादून व पौर्वात्य धर्मग्रंथांचीं भाषांतरें करवून पश्चिमेपुढें ठेवण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, तेच हे गृहस्थ. टिळकांचा ‘ओरायन’ त्यांनीं वाचला होता. ज्याचा ग्रंथ आपण वाचला आहे, त्याच्यावरील आरोपाचा कागद वाचतांना माणसाची दृष्टि बदलते. ‘हा कोण?’ हा प्रश्न त्याला पडत नाहीं. उत्तर त्याच्या कपाटांत असतें. १८९८ च्या सप्टेंबरांत टिळक सुटले. एका भाषांतरानें जें दार लावलें, तें उघडण्यास भाषांतराच्याच व्यवसायांतील एका वृद्धाचा हात लागला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

आतां घरगुती वाचकाचा प्रश्न. तुरुंगांतून आलेल्या किंवा देशोधडीस लागलेल्या कवीचें भाषांतरित पुस्तक आपण कसें वाचावें? पहिला धोका असा कीं, आपण तें कींव म्हणून वाचतों. कवीनें छळ सोसला आहे, तेव्हां कविता चांगली असलीच पाहिजे, असा एक भाबडा समज होतो. छळ हा चारित्र्याचा दाखला असेल, कवित्वाचा नव्हे. दुसरा धोका याच्या उलट: केवळ माहितीसाठीं वाचणें, म्हणजे कवितेचें वृत्तपत्र करणें. हें वाचन सहानुभूतीचें असलें तरी जातीनें सरकारी भाषांतराचेंच आहे. कारण तेथेंहि प्रश्न एकच असतो: यांतून निघतें काय?

चांगल्या भाषांतराची खूण काय, याचें उत्तर मराठीला बाहेर शोधावें लागत नाहीं. विनोबांच्या आईला गीता समजून घ्यावयाची होती, पण संस्कृत येत नव्हतें, आणि मिळालेलें मराठी रूप कठीण वाटलें. ‘तूंच कां करीत नाहींस?’ या अर्थाचें ती मुलाला बोलली. ती माउली १९१८ सालीं गेली. पुढें बारा वर्षांनीं, १९३० च्या ऑक्टोबरपासून १९३१ च्या फेब्रुवारीपर्यंत, विनोबांनीं वर्ध्यास ‘गीताई’ रचली. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत त्यांनीं गीतेवर प्रवचनें केलीं, तीं साने गुरुजींनीं लिहून घेतलीं. आणि याच गुरुजींनीं त्याआधीं त्रिचनापल्लीच्या तुरुंगांत तमिळ ‘तिरुक्कुरळ’ मराठींत आणण्याचें काम हातीं घेतलें होतें. या सर्व उद्योगांत एक गोष्ट समान आहे. भाषांतरकाराच्या डोळ्यांपुढें एक विशिष्ट ऐकणारें माणूस आहे, आणि त्या माणसाच्या कानाला मूळ वाणी गोड लागावी ही तळमळ आहे. आरोपी डोळ्यांपुढें ठेवून केलेलें भाषांतर व आई डोळ्यांपुढें ठेवून केलेलें भाषांतर, यांत जें अंतर आहे, तेंच आपल्या विषयाचें सार होय.

म्हणून असें पुस्तक हातीं आलें म्हणजे कांहीं साध्या गोष्टी कराव्या. कविता मोठ्यानें वाचावी. जी मराठींत म्हणवत नाहीं, ती मराठींत आली नाहीं असें समजावें. भाषांतर मूळ भाषेवरून आहे कीं इंग्रजीवरून, हें प्रस्तावनेंत पाहावें. आपल्याकडील बहुतेक तुर्की, अरबी, चिनी कविता इंग्रजीच्या हातून येते, आणि दोनदां गाळलेल्या पाण्यांतून कांहीं क्षार निघून जातातच. कविता कोणत्या सालीं, कोठें लिहिली गेली याची नोंद असल्यास ती आधीं वाचावी. कोठडींत लिहिलेला ‘आकाश’ हा शब्द आणि गच्चीवर लिहिलेला ‘आकाश’ हा शब्द एक नव्हे. आणि शेवटीं, कवीच्या मताशीं आपण सहमत असलोंच पाहिजे असें मानूं नये. हिकमत साम्यवादी होता. आपल्यापैकीं पुष्कळांस तें मत पटणार नाहीं. चिमूरच्या दिवशीं जें रक्त सांडलें, त्यांत सरकारी नोकरांचेंहि होतें. त्यांच्याहि घरीं कोणी वाट पाहत होतें. कवितेचा न्याय करतांना हें विसरूं नये, आणि हें आठवून कवितेचें तोंडहि बंद करूं नये. दोन्ही गोष्टी एकाच मनांत वागविणें कठीण आहे. पण सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरानें ती कठीण गोष्ट करावी, एवढी अपेक्षा वाजवी आहे.

चिमूरच्या कवीकडे आपल्या सुशिक्षित वर्गाचें पुरेसें लक्ष गेलें आहे काय, हेंहि विचारलें पाहिजे. १९५५ ची ‘ग्रामगीता’ ही एकेचाळीस अध्यायांची ओवीबद्ध रचना. विदर्भांतील खेड्यापाड्यांत तिचें पारायण होतें. परंतु बुर्साच्या बंदिवानाचें इंग्रजी पुस्तक ज्या कपाटांत आढळेल, त्यांत रायपूरच्या बंदिवानाचें मराठी पुस्तक आढळेलच असें नाहीं. खंजिरीच्या तालावरचें तें भजनकऱ्याचें गाणें, त्यांत काव्य तें काय, असा एक अव्यक्त दुरावा आपल्या वर्गांत पूर्वापार आहे. भाषा आपली, लिपि आपली. तरीहि मधें एक भिंत आहे, आणि तेथें लागणारें भाषांतर शब्दांचें नसून कानांचें आहे.

तीच भिंत चिमूरहून पूर्वेस गेलें म्हणजे आणखी उंच होते. १९८२ सालीं चंद्रपुरापासून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. त्याच्या भामरागड-एटापल्लीकडील रानांत माडिया व गोंडी बोलल्या जातात. १९७३ सालीं हेमलकसा येथें डॉ. प्रकाश आमटे व त्यांचे सहकारी कामास गेले, तेव्हां औषध देण्याआधीं त्यांना माडिया भाषा शिकावी लागली. रोग्याचें दुखणें दुसऱ्या कोणत्याहि मार्गानें कळणारें नव्हतें. या अरण्यांत गेल्या कित्येक दशकांत बंदुकींचा आवाज पुष्कळ झाला, आणि तेथील गाणीं शहरांतील माणसाच्या कानीं आलींच तर तीं बहुधा बातमीच्या किंवा तपासाच्या कागदांतून आलीं. ज्या भाषेंतील गाणें आपणांस केवळ कचेरीच्या भाषांतरांतून कळतें, त्या भाषेच्या माणसाला आपण आरोपी म्हणूनच ओळखूं लागतों. १८९७ सालीं मुंबईच्या कोर्टांत सहा परक्या गृहस्थांनीं आपल्या कवितेची जी ओळख करून घेतली, तशी ओळख आपण इतरांची करून घेऊं नये, यासाठीं तरी दुसरें भाषांतर झालें पाहिजे. तें करणारा कोणी माडिया तरुण असेल, कोणी शिक्षिका असेल. त्यांचें पुस्तक निघालें तर तें विकत घेऊन, दिवाणखान्यांत मोठ्यानें वाचणारीं दहा घरें महाराष्ट्रांत असावीं. सुरुवातीला तेवढीं पुरेशीं होतील.